सहा चुकलेले सदरे

"यातलं पहिलं कुठलं काढलंस?" बाईंनी विचारले.

मोठ्या टेबलावर बारा कागद ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला एक सदरा, त्याच्यातून निघालेले बाण, बाणांच्या टोकाशी बारीक अक्षरांतल्या टिपा, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात चहाचा एक पिवळट डाग. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीने सर्वांत डावीकडच्या कागदावर बोट ठेवले. वर्गात तिला सगळे कात्रण म्हणत. तिची आई गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड बेतण्याचे काम करी, उरलेले काम घरी आणी, आणि त्यामुळे मुलीच्या बाहीला नाहीतर वेणीला दोऱ्याचा एखादा तुकडा बारा महिने चिकटलेला असे.

"आणि शेवटचं हे?"

"हो बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना चित्रकला आणि डिझाइन हा विषय त्या सव्वीस वर्षे शिकवीत होत्या, आणि एवढ्या काळात त्यांना एक गोष्ट पुरती कळून चुकली होती, की माणूस इतक्या शिस्तीत सुधारत नाही. दुसऱ्या कागदावरची चूक तिसऱ्यावर दुरुस्त होती, तिसऱ्यावरची चौथ्यावर. एकही चूक दोनदा झालेली नव्हती, एकही चांगली कल्पना मध्येच सोडून दिलेली नव्हती. बाराही कागदांवर एकच पेन्सिल चालली होती आणि ती बाराही वेळा सारखीच टोकदार होती. थोरामोठ्यांची चरित्रे अशी लिहिली जातात.

"चहा कोण प्यायलं?"

कात्रणने मान खाली घातली. "कुणी नाही. ओतला. जुने दिसावेत म्हणून."

"बाराही कागदांवर एकाच कोपऱ्यात?"

"कागद फिरवायचं सुचलं नाही."

मग सगळेच बाहेर आले. सदरा आधी शिवून झाला होता. त्याच्या आधीची म्हणून दाखवायची कच्ची चित्रे तिने काल शाळेतून गेल्यावर, एका बैठकीत, तयार सदरा समोर टांगून काढली होती.

याला लबाडी म्हणणे सोपे होते. पण बाईंचा राग मुलीवर फार वेळ टिकला नाही. त्याला राहायला याहून प्रशस्त जागा उपलब्ध होती. परीक्षा मंडळाच्या गुणपत्रकात चार रकाने होते: कल्पना दहा, विकास चाळीस, अंतिम कृती चाळीस, मांडणी दहा. ज्या समितीने ते रकाने आखले तिच्या एकाही सदस्याने जन्मात एखादी वस्तू स्वतः विचार करून बनवली असावी, असा संशय घ्यायला त्या कागदावर कोठेही जागा नव्हती. 'विकास' या शब्दाखाली छापले होते: कच्ची रेखाटने, किमान दहा. चुकांचाही किमान आकडा ठरवून दिला की चुका हा गृहपाठ होतो, आणि गृहपाठाचे जे होते तेच त्यांचे होते. दर वर्षी परीक्षेच्या आठवड्यात शेकडो मुले आधी वस्तू पूर्ण करीत आणि मग आपण तिच्याविषयी विचार केला होता याचा पुरावा तयार करायला बसत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना चहाचे सुचे.

कात्रणच्या बाबतीत मात्र हा तात्त्विक प्रश्न नव्हता. डिझाइनच्या महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा ती उत्तीर्ण झाली होती, आणि त्यांची एकच अट उरली होती, की शाळेच्या परीक्षेत या विषयात सत्तर गुण हवेत. विकासाचे चाळीस गेले तर उरलेल्या साठांत सत्तर कसे बसवायचे, हे गणिताच्या सरांनाही जमले नसते. तसे झाले तर सुट्टी संपताच तिने कारखान्यात शिवून आलेल्या गणवेशांचे लोंबते दोरे कापायच्या टेबलावर बसायचे, असे घरात ठरले होते. आईने तिथे शब्द टाकून ठेवला होता. आई वाईट नव्हती. जी दारे तिच्या ओळखीची होती त्यांतले एक तिने उघडे धरले होते, इतकेच.

"हे राहू दे," बाई म्हणाल्या. "तुझं खरं कच्चं काम कुठाय?"

"कागदावर मला येतच नाही बाई. आईचे तुकडे उरतात, त्यातनं मी डायरेक्ट शिवते. सहा शिवले, सहाही बिघडले. मग हा सातवा."

"ते सहा कुठे गेले?"

कात्रणला पहिल्यांदाच हसू आले. "पहिल्यानं आम्ही फरशी पुसतो."

परीक्षेचा प्रश्न साधा होता: एका माणसाचे रोजचे एक काम सोपे करा. इतर मुलांनी या एका माणसाच्या जागी सोयीस्करपणे अखिल मानवजात घातली होती. कात्रणने तिचे आजोबा घेतले. आबा एका कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षे पहारेकरी होते, कडक इस्त्रीच्या वर्दीत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात आपला असून नसल्यासारखा झाला. ज्या माणसाने एकतीस वर्षे दुसऱ्यांची बटणे तपासली त्याला आता सुनेने सकाळी सदरा घालून द्यायचा, आणि सुनेला साडेसातला कारखाना गाठायचा. दोघेही त्या वेळी एकमेकांकडे पाहत नसत. कात्रणचे वडील लांब पल्ल्याची वाहने चालवीत आणि घरी पाहुण्यासारखे येत.

म्हणून, एका हाताने घालता येईल असा सदरा. पहिल्याला बटणांऐवजी चिकटपट्टी लावली. ती उघडताना असा आवाज येई की आबांना वाटे, सदराच फाटला. शिवाय एका हाताने ती नेमकी भलत्या ठिकाणी चिकटे. दुसरा डोक्यातून घालायचा होता. आबांचे डोके आत गेले आणि तिथेच राहिले, आणि आतून त्यांनी जे शब्द काढले ते नातीने त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. आता तो शिलाईयंत्रावर झाकण म्हणून होता. तिसऱ्याची डावी बाही मनगटापासून काखेपर्यंत उघडी ठेवली. तो जवळजवळ जमला, फक्त गळ्याचे बटण दोन हातांशिवाय लागेना. चौथ्याची टिचबटणे दाबताना छातीचे हाड दुखे. त्याची घडी इस्त्रीखाली गेली. पाचव्यात लोहचुंबके होती. तो घालून आबा कपाटापाशी गेले आणि कपाटाला चिकटले. त्यांना सोडवायला आलेल्या आईच्या हातातली कात्री त्यांच्या छातीला चिकटली. सहाव्यात उजवा पदर डाव्यावर आणला, कारण एका उजव्या हाताला तसेच सोपे पडते. आबांनी तो लांबूनच ओळखला. "हा बायकांचा आहे," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

सातव्यात समोरची बटणे केवळ शोभेची होती, पुरुषी पद्धतीने, एका रेषेत. खरे उघडणे होते ते एका तिरप्या पदराखाली, मोठ्या गुंड्या आणि सैल फासांचे, आणि गळ्यालाही तसाच एक फास. एका हाताने पुरा लागे, आणि समोरून पाहणाऱ्याला काही कळत नसे.

सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावर निसर्गचित्रांचा पूर आला होता, मावळते सूर्य आले होते, हातात कबूतर घेतलेल्या जागतिक शांतता आल्या होत्या. फरशी पुसायचे फडके कधी आले नव्हते.

"सोमवारी ते सहाच्या सहा घेऊन ये," त्या म्हणाल्या. "जसे असतील तसे. आणि हे बारा कागद फाईलमध्ये ठेवायचे की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही."

शनिवारी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतले. बाहेरून परीक्षक येणार तर स्वागताचा फलक हवा होता, आणि जमल्यास दोन्ही बाजूंना फुलांची नक्षी. शिक्षकांच्या खोलीत बाईंना फलकबाई म्हणत. त्यांचा वर्ग पूर्वी खेळाच्या सामानाची खोली होता, आणि त्याचा अर्धा भाग अजूनही मोडक्या बाकांच्या ताब्यात होता. परंतु शाळेच्या प्रत्येक समारंभात मुख्याध्यापक सर्जनशीलतेविषयी बोलत, आणि त्यांच्या पाठीमागे बाईंनी लिहिलेली सुबक अक्षरे असत. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा असे त्यांना कधी वाटले नाही. बाईंनी फलक लिहिला. फुले काढली नाहीत. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा, जागा उरली नाही, असे सांगितले. फलक पाच हात लांब होता.

सोमवारी सकाळी आठला कात्रण आली, आणि तिच्याबरोबर हातात बोचके घेऊन तिची आई. आईने कारखान्यातून अर्धा दिवस मागून घेतला होता. ती ओसरीतल्या बाकावर बसली. कात्रणने बोचके टेबलावर ठेवले, पण सोडले नाही.

बाईंनी गाठ सोडली. आत सहा सदरे होते, पांढरेशुभ्र, खळ घातलेले, इस्त्रीची घडी सुरीसारखी. पहिला उलगडला: चिकटपट्टी गेली होती, तिच्या जागी बटणे, एका ओळीत, एका अंतरावर. दुसऱ्याचा गळा पुढून उघडून त्याला पट्टी शिवली होती. सहाव्याचा डावा पदर आता उजव्यावर आला होता. तिसऱ्याच्या गळ्याला सातव्यासारखाच फास होता. शिवण अशी की कोणत्याही दुकानाने डोळे मिटून घ्यावी.

एकही चूक शिल्लक नव्हती.

"आईनं काल सगळा रविवार बसून नीट केलं," कात्रण म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मी लायब्ररीत होते. आले तेव्हा इस्त्री चालू होती."

जिने सात दिवसांतली आपली एकुलती एक सुट्टी देऊन टाकली तिच्यावर रागावायचे कसे, हे बाईंना सुचेना. त्या ओसरीत जाऊन तिच्याशेजारी बाकावर बसल्या. मुलगी दारात उभी राहिली. बाईंनी हळूहळू सांगितले: चुका दाखवायच्या होत्या, त्यांचेच गुण होते, आणि ते चाळीस गेले तर महाविद्यालय गेले. आईने सगळे ऐकून घेतले.

"साहेब बघायला येणार म्हणालात," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं फरशीचं फडकं ठेवू? लोक म्हणतील, आई बेतणारी आणि पोरगीला सरळ शिवण येत नाही. माझ्या घरातनं वाकडं काम बाहेर गेलेलं नाही आजवर."

"तुमचं काम नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "तिचं होतं."

"चूक दाखवून मार्क मिळतात, असा कुठला धंदा बघितलात तुम्ही?"

"हा एकच. आणि ह्यातही कुणाला पटलेलं नाही अजून."

आई उठली, मुलीच्या बाजूने वर्गात गेली आणि पिशवीतून शिवण उसवायचे छोटे पाते काढले. कात्रणनेही आपले काढले. चुकीचे होते तसे पुन्हा शिवायचे का, असे आईने विचारले. ते यंत्रावर अर्ध्या तासात झाले असते. बाईंनी नाही म्हटले. चूक दुसऱ्यांदा मुद्दाम केली तर ती त्या बारा कागदांचीच बहीण. फक्त उसवायचे. खाली जे असेल ते असेल.

तिघी जमिनीवर बसल्या. आईचा हात असा चाले की दोरा स्वतःहून निघून येतो आहे असे वाटावे. आपलाच रविवार ती वीतवीत उसवीत होती, आणि तिने एकदाही उसासा टाकला नाही. बाईंच्या बोटाला दोनदा पाते लागले. "तुम्ही राहू द्या बाई," आई म्हणाली, "तुम्ही नुसते दोरे गोळा करा." तेव्हा बाईंनी दोरे गोळा केले.

चार सदरे झाले होते आणि पाचवा आईच्या मांडीवर होता, तेव्हा परीक्षक आले. दहाची वेळ होती, ते साडेनऊला आले. फलकाखालून, त्याच्याकडे न पाहता. सडपातळ, वयस्क, पेन्सिल कानावर खोचलेले गृहस्थ. जमिनीवर बसलेल्या तीन बायकांकडे त्यांनी एक नजर टाकली, बसा बसा, असे पुटपुटले, आणि इतर सहा मुलांची कामे पाहून कात्रणच्या टेबलापाशी पोचले. सातवा सदरा टांगलेला होता. त्याच्या शेजारी फाईल होती. त्यांनी फाईल उघडली.

बारा कागद फाईलमध्येच होते.

बाईंनी ते पाहिले आणि आपल्या ओंजळीतल्या दोऱ्यांकडे नजर वळवली. परीक्षकांनी एकेक कागद उलटला. त्यांचा चेहरा निवळत गेला. सकाळपासून सहा ठिकाणी त्यांनी कंटाळा पाहिला होता. इथे टिपा होत्या, बाण होते, पायरीपायरीने चढत जाणारा विचार होता, कामात बुडालेल्या हाताने कलंडलेला चहा होता.

"छान," ते म्हणाले. "शिस्त आहे." आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी विकासाच्या रकान्यावर टेकवली.

खोलीत पात्याचा आवाज थांबला. कात्रणने आईकडे पाहिले, मग टांगलेल्या सदऱ्याकडे. काही न बोलण्याइतके सोपे त्या क्षणी जगात दुसरे काहीही नव्हते.

"सर," ती म्हणाली, "ते कागद खोटे आहेत. शर्ट झाल्यावर काढले मी."

पेन्सिल उचलली गेली.

"मग मी एवढा वेळ काय बघितलं?"

"मला भीती वाटली, सर. दहा लागतात, आणि माझ्याकडे एकही नव्हतं. खरं कच्चं काम हे आहे." तिने जमिनीकडे हात केला.

परीक्षकांनी बारा कागद एकावर एक ठोकून सरळ केले आणि पालथे ठेवले. ते रागावले नव्हते. फसलेल्या जाणत्या माणसाला जो स्वतःचा राग येतो तो मात्र त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर उतरला होता. ते म्हणाले, नियमाप्रमाणे किमान दहा हवेत. इथे किती आहेत?

"सहा," कात्रण म्हणाली. "आणखी चार चुकले असते तर आबांनी मला घराबाहेर काढलं असतं."

ते हसले नाहीत. पण गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि पहिला सदरा उचलला. यात काय चुकले ते दिसत नाही, म्हणाले, हा तर नुसता उसवलेला सदरा आहे. कात्रण बोलायला लागण्याआधी आई उठून उभी राहिली.

"उजेडाकडं धरा साहेब. ही दुहेरी भोकांची ओळ दिसते? पट्टी इथं होती. टेरिकॉट आहे म्हणून भोकं राहिली; सुती असतं तर धुतल्यावर बुजली असती. नीट मी केलं होतं काल, ह्या पोरीला न विचारता. आता मीच उसवलं."

परीक्षकांनी खिडकीपाशी जाऊन सदरा उजेडासमोर धरला आणि त्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग दुसरा. मग तिसरा. तोवर मागे आईने उरलेलेही उसवून संपवले. कात्रण त्यांच्या बाजूला उभी राहून सांगत गेली: आवाज, अडकलेले डोके, छातीचे हाड, कपाट. कपाटापाशी मात्र त्यांना हसू आवरले नाही. सहा सदरे संपायला पाऊण तास लागला. बाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही.

"तुझे आजोबा घालतात कुठला?" त्यांनी शेवटी विचारले.

हा प्रश्न बाईंना सुचला नव्हता. कात्रणने सहाव्या सदऱ्याची घडी घातली.

"तिसरा."

"सातवा नाही?"

"पाहुणे आले की सातवा."

"का? तो तर पूर्ण जमलाय म्हणतेस."

"तिसऱ्याचं गळ्याचं बटण त्यांना लागत नाही," ती म्हणाली. "ते मला लावावं लागतं, शाळेत निघताना. सातव्याला कुणीच लागत नाही." तिने पुढे जोडले, "हे मला आधी कळलं नव्हतं. कळलं असतं तरी काय केलं असतं, माहीत नाही."

परीक्षकांनी रकान्यात आकडा घातला नाही. पेन्सिल परत कानावर ठेवली, कोट काढून मोडक्या बाकांच्या ढिगावर टाकला, डावा हात पँटच्या खिशात खोल खुपसला आणि उजव्या हाताने सातवा सदरा खाली घेतला. खिशातला हात त्यांनी फक्त एकदा, बाहीत सरकवण्यापुरता, निर्जीवासारखा सैल सोडून बाहेर काढला. पदर ओढला. पहिली गुंडी, दुसरी, तिसरी. मग गळ्यापाशी येऊन बोटांनी चाचपडत फास शोधला.

"लागला," ते म्हणाले, स्वतःशीच म्हणावे तसे. मग सदरा अंगात असतानाच त्यांनी सांगितले की तीस वर्षे ते औषधांच्या खोक्यांवरची अक्षरे करीत होते. म्हाताऱ्या माणसाने चुकीची गोळी घेऊ नये एवढ्यासाठी. "लोकांना वाटतं, ती अक्षरं आपोआप येतात."

"फलकावरची पण," बाई म्हणाल्या.

त्यांनी पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिले आणि मान हलवली.

मंडळाच्या नियमाप्रमाणे सगळे काम निकाल लागेपर्यंत मोहोरबंद खोक्यात राहायचे होते. तिसरा सदराही त्यात गेला. आबांना तो परत कधी मिळणार हे सांगायचे काम आईने घेतले. कात्रणने त्यांना सातव्यासारखाच आठवा शिवून दिला, कारण सातवाही खोक्यात होता.

निकालात कात्रणला त्र्याऐंशी गुण मिळाले. विकासाच्या रकान्यात पस्तीस होते, आणि शेऱ्याच्या जागेत बारीक, अत्यंत वाचनीय अक्षरांत लिहिले होते: 'रेखाटने नाहीत. कच्चे काम कापडावर आहे. उजेडासमोर धरून पाहावे.' या शेऱ्याची मंडळाने तत्परतेने दखल घेतली. पुढच्या वर्षीच्या गुणपत्रकात 'किमान दहा' नंतर 'कागदावर' हा शब्द वाढवण्यात आला. मुख्याध्यापकांनी अभिनंदनाचा फलक लावायचे ठरवले आणि तो लिहायला बाईंना सांगितले. या खेपेला बाईंनी जागा शिल्लक ठेवली आणि कोपऱ्यात, कोणी विचारल्याशिवाय, उसवलेल्या शिवणीची एक बारीक ठिपक्यांची ओळ काढली. ती कोणाच्या लक्षात आली नाही.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात खोके परत आले. शिपायाची वाट न पाहता बाई ते स्वतः घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कात्रण दूरच्या शहरात वसतिगृहावर राहायला जाणार होती. दोन खोल्यांच्या घरात जमिनीवर उघडी बॅग होती आणि आईलेकीत किती टॉवेल न्यायचे यावरून वाद चालला होता. बाईंना खिडकीपाशी खुर्ची दिली. समोर आबा बसले होते, दाढी केलेले, आठव्या सदऱ्यात. सगळे नीट लागलेले होते. गळ्याचा फास तेवढा सुटा होता.

बाईंनी खोके टेकवले. आबांनी त्याच्याकडे पाहून ओळखीची मान हलवली, एखादा जुना सहकारी रजेवरून परत यावा तशी. तिसरा आत आहे का, असे त्यांनी विचारले. आहे, बाई म्हणाल्या. "राहू दे आतच," ते म्हणाले. "आता त्याचा काय उपयोग? ह्याची सवय लागायला हवी."

कात्रण आतून मोजे शोधत आली. आईला काहीतरी उत्तर देत देत ती आबांच्या खुर्चीपाशी थांबली, न पाहता, बोलता बोलता त्यांचा गळ्याचा फास लावला, त्यांच्या खांद्यावरचा दोरा उचलला आणि तशीच आत गेली. आबांनी तेवढ्यापुरती हनुवटी वर केली होती. ती त्यांनी खाली घेतली.

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या, निदान आबांना तसे वाटले असावे. त्यांचा उजवा हात हळूच वर गेला. त्याने नातीने लावलेला फास सोडवला. मग बोटे थोडी थांबली, गुंडी शोधली, एकदा चुकली, आणि फास लागला. आबांनी तो पुन्हा सोडवला.

दुसऱ्यांदा लावताना बोटे चुकली नाहीत.